ढगाआडचा मोठा दिवस



वर्षातला सर्वांत मोठा दिवस कोणता, हे शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा. ‘२१ जून’ असे ते चटकन सांगेल. पण ‘त्या दिवशीचा सूर्य तू पाहिलास का?’ असे विचारले, तर आमच्या चौककडचे मूल गप्प बसेल. त्यात त्याचा काय दोष? त्या सुमारास इर्शाळगडाचा सुळकासुद्धा ढगात गेलेला असतो, मग सूर्य कुठला दिसायला!

स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशांत या दिवसांत मोठा उत्सव असतो. तिथल्या राजधानीत, स्टॉकहोमला, हिवाळ्यात जेमतेम सहा तासांचा दिवस, तर जूनमध्ये अठरा तासांहून मोठा. उन्हाचे त्यांना अप्रूप वाटणारच. चौकला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. शिवाय होळीपासून आपण ऊन सोसलेले असते. तेव्हा जूनमध्ये आपले डोळे लागतात ते ढगांकडे.

म्हणून आपण हा दिवस ओळखतच नाही असे मात्र नाही. शेतकरी त्याला निराळ्या नावाने ओळखतो. सध्याच्या पंचांगांप्रमाणे ७-८ जूनला सूर्याचे मृग नक्षत्र लागते आणि २१-२२ जूनला आर्द्रा. आर्द्र म्हणजे ओले. राब भाजून पेरलेल्या भाताचे आवण तरारू लागते आणि पुढे लावणीची घाई सुरू होते. म्हणजे मोठा दिवस आणि आर्द्रा आज जवळजवळ हातात हात घालून येतात.

सूर्य दिसत नसला तरी तो स्वस्थ बसलेला नसतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकत जातो तशी राजस्थान-सिंधकडची जमीन तापते, तिथली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे धावतात. ते सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथेरानच्या डोंगरावर नि आपल्या खाचरांत पाऊस पडतो. सूर्याला झाकणारे ढग आणले कोणी, तर सूर्यानेच!

आता एक समजूत तपासून पाहू. २१ जूनला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, असे पुष्कळांना वाटते. तो बरोबर डोक्यावर येतो तो कर्कवृत्तावर, म्हणजे उज्जैनच्या किंचित उत्तरेला. चौक त्याच्या बरेच दक्षिणेला, सुमारे १९ अंशांवर आहे. त्यामुळे आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. एकदा उत्तरेकडे जाताना, १५ मेच्या आसपास. आणि पुन्हा परतताना, जुलैच्या २७-२८ तारखेच्या सुमारास. मधल्या काळात भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला, माथेरानच्या बाजूला कललेला असतो, आणि सावली दक्षिणेला पडते.

गुरुजींनी हे मुलांकडून करून घ्यावे. साधन काय लागते? सपाट जागी सरळ रोवलेली एक मीटरची काठी. मात्र घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असे समजू नये. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. म्हणून चौकला जूनमध्ये माध्यान्ह होते बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास. मेच्या मध्यावर, १२ वाजून ३३-३४ मिनिटांनी, काठीची सावली तिच्या पायाशीच लपेल. २१ जूनला ढगांनी उघडीप दिलीच, तर सुमारे आठ सेंटिमीटरची सावली दक्षिणेला दिसेल. २२ डिसेंबरला हीच सावली उत्तरेला नव्वद सेंटिमीटरपर्यंत लांबेल. सूर्योदयाची जागाही बघावी. डिसेंबरअखेर तो राजमाचीच्या बाजूला उगवतो, मार्चमध्ये थेट कर्जतच्या अंगाला, आणि जूनकडे सरकत सरकत भीमाशंकरच्या बाजूला.

हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की नक्षत्रे आणि ऋतू यांची सांगड कायमची नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो. त्यामुळे नक्षत्रांची तारीख ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने हे टिपून ठेवले आहे: पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून सांगितले आहे, आता ते कर्काच्या आरंभी होते. त्याच्या काळी आर्द्रा नक्षत्र मोठ्या दिवसाच्या सुमारे तीन आठवडे आधी लागत असे. आज ते त्याच दिवसाला येऊन टेकले आहे, आणि उद्या त्याच्याही पुढे जाईल.

आपल्या राष्ट्रीय पंचांगाने मात्र ऋतूंचा धागा धरला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ते २२ मार्च १९५७ पासून अमलात आले. त्यात ज्येष्ठ संपतो २१ जूनला आणि आषाढ लागतो २२ जूनला. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर ३१ ज्येष्ठ’ असे ऐकलेत, की समजावे, आजचा दिवस सर्वांत मोठा.

तेव्हा मृग-आर्द्रा ही वाडवडिलांची टिपणवही आहे, ती टाकू नये. पण वहीतले पान हवेशी ताडून बघावे. नक्षत्र लागले म्हणून कोरड्यात बी टाकणाऱ्याचे बी वाया जाते, आणि त्याची भरपाई नक्षत्र करीत नाही. जमिनीतली ओल पाहावी, हवामानाचा अंदाज ऐकावा, कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. आणि शाळांनी? २०१५ पासून २१ जूनला योगदिनासाठी मुले एकत्र जमतातच. आसने झाली की अंगणात एक काठी रोवावी आणि तिची वही सुरू करावी. पहिल्या दिवशी वहीत बहुधा ‘ढग, सावली नाही’ एवढेच लिहावे लागेल. तेही खरे निरीक्षणच आहे.