ट्रायकोकार्ड लावण्याआधी आभाळाकडे बघा

सुरू लागणीच्या उसात पोंगे वाळायला लागले, की निपाणी-चिकोडीपासून पलीकडे कागल-शिरोळपर्यंत ट्रायकोकार्डची चौकशी सुरू होते. कार्ड तेच, पण एकाच्या रानात गुण येतो आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या रानात येत नाही. बऱ्याचदा फरक हवामानाचा असतो.

कार्डावरचे काळे ठिपके म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी. त्यांच्या आत ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी. नावाला गांधीलमाशी, पण माणसाला डसत नाही. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाहेर पडल्यावर हाती मोजकेच दिवस. तेवढ्यात खोडकिडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालायची.

एवढ्याशा जिवाला वारा म्हणजे पूरच. तिच्या वेगापेक्षा वारा जास्त झाला, की ती उडत नाही, वाहून जाते. म्हणून वारं असलं की ती पानालाच धरून राहते आणि चालत अंडी शोधते. मोठ्या उसाच्या आत वारा पडलेला असतो. दीड-दोन महिन्यांच्या उसात आडोसाच नाही. कार्डाचे तुकडे करून रानभर लावायला सांगतात ते यासाठी. एका कोपऱ्यात लावलेलं कार्ड त्या कोपऱ्यापुरतंच.

दुसरी अडचण उन्हाची. पारा 35 अंशांच्या वर गेला की माशीचं आयुष्य घटतं, अंडी घालणंही मंदावतं. खोडकिडीचा जोर मात्र नेमका मार्च ते मे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने यासाठीच जास्त तापमान सोसणारा वाण तयार केला आहे.

वळवाचं काय? लेप्टोपिलिना या दुसऱ्या एका परोपजीवी माशीवरचा अभ्यास 1993 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. वादळाआधी हवेचा दाब उतरतो, तसा तो उतरवल्यावर ती माशी आधीच कुणीतरी अंडं घातलेल्या अळीतही अंडी घालू लागली. जणू उद्याचा भरवसा नाही! ट्रायकोग्रामाही असंच वागते असं यावरून म्हणता येत नाही. पण जोराच्या सरीत कार्ड भिजतं, माश्या धुऊन जातात, हे नक्की.

तेव्हा ढग दाटले असतील तर कार्ड दोन दिवस थांबवावं. एरवी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला टाचावं. माश्या बहुतेक सकाळी निघतात. त्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी नको. चार-पाच दिवसांनी पानांमागचे खोडकिडीच्या अंड्यांचे पुंजके बघावेत. काळे पडले असतील तर माशी तिथवर पोचली.