सागरी शैवालाचे विघटन

मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतर सरगॅसम नावाचे तपकिरी शैवाल जोमाने वाढते. पुढे ते खडकांपासून सुटते आणि लाटांबरोबर वाहत येऊन पुळणीवर साचते. ते चिवट असते, तरीही काही काळाने नाहीसे होते. लाटा त्याचे तुकडे करतात; पण त्या तुकड्यांतील मोठे रेणू तोडण्याचे काम मुख्यतः समुद्रातील सूक्ष्मजंतूंचे आहे.

शैवालाला बळकटी आणि लवचिकपणा देणारी प्रमुख बहुशर्करा म्हणजे अल्जिनेट. १८८१ साली स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनज्ञाने तिचा शोध लावला. आज दातांचे ठसे घेण्यासाठी व आइस्क्रीममध्ये तिचा उपयोग होतो. मॅन्युरॉनिक आणि ग्युलुरॉनिक या दोन आम्लांच्या घटकांची ती लांब साखळी होय. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम ग्युलुरॉनिक आम्लाचे सलग भाग परस्परांशी जखडून ठेवते आणि त्यातून मजबूत जाळे तयार होते.

एवढा मोठा रेणू सूक्ष्मजंतूच्या पेशीत शिरू शकत नाही. म्हणून तो आपली एंझाइमे पेशीबाहेर सोडतो. माणसाच्या लाळेतील एंझाइम पिष्टाची साखळी तोडताना प्रत्येक सांध्यापाशी पाण्याचा एक रेणू खर्ची घालते. अल्जिनेट लायेज हे एंझाइम मात्र पाण्याविनाच सांधा तोडते. तुटलेल्या टोकाशी एक दुहेरी बंध उरतो. तो जंबुपार किरण शोषून घेतो आणि त्यावरून प्रयोगशाळेत विघटनाचा वेग मोजता येतो.

एकच एंझाइम पुरत नाही. काही लायेजे मॅन्युरॉनिक आम्लाचे भाग तोडतात, तर काही ग्युलुरॉनिक आम्लाचे. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी व्हिब्रिओ स्प्लेंडिडस या सागरी सूक्ष्मजंतूची अशी जनुके आतड्यातील एशेरिकिया कोलायमध्ये घातली व तपकिरी शैवालापासून थेट अल्कोहॉल मिळविले.

शैवालातील फ्युकॉइडान ही बहुशर्करा याहून अवघड आहे. तिच्या साखळीला शाखा फुटलेल्या असतात व ठिकठिकाणी सल्फेट गट जोडलेले असतात. लेंटिमोनास या सूक्ष्मजंतूला तिच्या विघटनासाठी शेकडो एंझाइमे बाळगावी लागतात, असे २०२० साली दिसून आले. एवढी सामग्री फार थोड्या सूक्ष्मजंतूंपाशी असते. त्यामुळे फ्युकॉइडान समुद्रात दीर्घकाळ टिकते आणि शैवालाने शोषून घेतलेला कार्बनही तितका काळ हवेत परतत नाही.