ओटा कोणाच्या मापाचा?

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की आपल्याकडे घराघरांत विषय निघतो, यंदा सयपाकघराचं काहीतरी करायचं. मग चिखलीला जा की मेहकरला, दुकानात पहिली नजर टाइल्सवर जाते. आमच्या गटातून दोन-तीन वर्षांत सहा जणींनी यासाठी कर्ज घेतलं. पहिल्या कर्जाचा घोळ आम्ही सगळ्यांनी मिळून केला, तोच आज सांगायचा आहे.

त्या वहिनींनी दहा हजार घेतले. कडप्प्याचा ओटा आणि मागे पांढऱ्या टाइल्स. निम्मे पैसे टाइल्सनाच गेले. आम्ही बघायला गेलो, चहा झाला, फोटो काढले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर वहिनी खाली चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. ओट्यावर डबे आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल. म्हणाल्या, "उभं राहून खांदा भरून येतो, पातेल्यात काय शिजतंय तेही दिसत नाही."

मिस्त्रीने ओटा 33 इंच केला होता, सगळीकडे करतात तसा. वहिनींची उंची पाच फुटांच्या आत. ओट्यावर शेगडी आली की चार इंच वाढतात, ते कोणी धरलेच नव्हते. आम्हीही नाही.

माप असं घ्या. चप्पल काढून सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. समजा 36 इंच आलं. शेगडीचा वरचा भाग कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, म्हणजे 30 ते 32. त्यातून शेगडीचे चार वजा करा. ओटा 26 ते 28 इंचांचा झाला. मिस्त्री हसेल. हसू द्या, भाकरी त्याला थापायची नाही.

वहिनींचा ओटा आम्ही फोडला नाही. ओट्याच्या पूर्ण लांबीला, दोन फूट रुंद आणि चार इंच उंच असा विटा-सिमेंटचा कट्टा खाली बांधून घेतला. पाट ठेवू नका, तो सरकतो आणि हातात गरम पातेलं असतं.

पुढच्या जणींनी टाइल्स सोडून दिल्या. एकीने टिनाच्या छतात एक पारदर्शक पत्रा बसवला, हजार-बाराशेत काम झालं. भिंतींना पांढरा चुना मारला. आता दिवसा लाइट लावावा लागत नाही, तांदळातला खडा दिसतो.

धुराचं मात्र टाळू नका. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे सिलिंडर आला. पण पऱ्हाटी आणि तुराट्या शेतात फुकट, त्यामुळे अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. चूल राहणार असेल तर ती पडवीत न्या. ते जमत नसेल तर धुराडं बसवा, त्याचं तोंड छपराच्या दोन फूट वर काढा आणि महिन्याला काजळी झाडा. सासूबाईंचा खोकला म्हातारपणाचा म्हणून सोडून देतो आपण, धुराचाही असू शकतो.

गॅसचं थोडक्यात. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवायचा, बंद कपाटात नाही, शेगडी त्याच्यापेक्षा वर, आणि खाली हवा जायला जागा. नळी पाच वर्षांनी बदला, त्याआधी तडा दिसला तर लगेच. गॅस आणि चूल जवळजवळ नको.

फळ्यांना पैसे घालायचेच असतील तर रोजचे डबे डोळ्याच्या खाली येतील अशा लावा. वरच्या फळीवर लग्नातली भांडी राहू द्या.

परवा बैठकीत एकीने विचारलं, सासू बुटकी, सून उंच, मग माप कोणाचं? अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघींच्या मधलं न काढता, रोजचा सयपाक जी करते तिचं घ्यायचं ठरलं. त्या घरी सध्या सासूबाईच करतात, म्हणून ओटा 27 इंचांचा झाला. सुनेने स्वतःसाठी शेगडीखाली ठेवायला कडप्प्याचा जाड तुकडा आणून ठेवलाय.