माळ्यावरील सिंगर

जुन्या वाड्याच्या माळ्यावर, गंजलेल्या ट्रंका आणि मोडक्या पाळण्याच्या आड, लाकडी झाकणाखाली काळे शिवणयंत्र सापडले, म्हणजे घरातील मंडळी उत्साहाने तेलाची बाटली शोधू लागतात. वस्तुतः प्रथम शोधावयाचा तो त्या यंत्राचा क्रमांक. सिंगरच्या यंत्रावर तो उजव्या अंगास, स्तंभाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. निव्वळ आकडे असतील तर यंत्र 1900 पूर्वीचे समजावे. पुढे अक्षरे आली, आणि त्यांपैकी 'एफ' व 'वाय' ही स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे 1885 मध्ये उघडलेल्या व 1980 मध्ये बंद पडलेल्या किलबोवी कारखान्याची होत. '15के', '28के' या नमुन्यांतील 'के' त्याच किलबोवीचा. नमुन्याची खातरजमा करावयाची तर सुईजवळची पोलादी पट्टी सरकवून पाहावे: बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल कंसाकार झुलताना दिसले तर यंत्र 27 वा 28 या वर्गातील, आणि वाटोळी बॉबिन असेल तर बहुधा 15 किंवा 66.

आता दुरुस्ती. आपल्या घरांत अशी यंत्रे गंजाने जितकी बिघडली, त्याहून अधिक ती खोबरेल तेलाने बिघडली असावीत, असे माझे मत आहे. ते वाळून चिकट राळ होते आणि हातचाक तसूभरही हलत नाही. प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे थेंब सोडून, एक रात्र मुरू देऊन, चाक बळजबरी न करता मागे-पुढे डोलवावे. दात्यांखाली दडपून बसलेला कापसाचा गठ्ठा सुईने उकरावा. मळ सुटल्यावरच मशीनचे पातळ तेल द्यावे. चाक फिरते पण सुई ढिम्म, असे झाल्यास घाबरू नये, बॉबिन भरण्यासाठी सैल केलेली चाकाच्या मध्यावरील चकती आवळण्यास कोणीतरी विसरले असेल. स्क्रू हरवू नये, कारण सिंगरचे आटे स्वतःचे असून बाजारातील साधे स्क्रू त्यांत बसत नाहीत.

सोनेरी स्फिंक्सची चित्रे स्पिरिटने पुसण्याचा मोह मात्र निक्षून टाळावा: वरचा लाखेचा लेप स्पिरिटात विरघळतो, आणि एका फटक्यात स्फिंक्स चिंधीवर येतो.

मग कोऱ्या मांजरपाटावर टीप मारून पाहावी. खालच्या अंगास दोऱ्याचे फास दिसले, तर वरचा दोरा नीट ओवला आहे ना हे पाहून त्याचा ताण वाढवावा.