गुरुत्वाकर्षणाची वार्ता

सूर्य या क्षणी नाहीसा झाला, अशी कल्पना करू. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. तेवढा वेळ तो आपल्याला दिसतच राहील. परंतु त्याची ओढ? न्यूटनच्या १६८७ च्या सिद्धान्तानुसार ती तत्क्षणी संपेल आणि पृथ्वी कक्षा सोडून सरळ निघून जाईल.

१९०५ साली आइन्स्टाइनने मांडलेल्या विशिष्ट सापेक्षतावादात याला स्थान नाही. कोणताही परिणाम प्रकाशाहून अधिक वेगाने पोहोचत नाही, असे तो सांगतो. शिवाय दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीनुसार बदलते. मग ‘तत्क्षणी’ म्हणजे नेमके कोणाच्या क्षणी? दोनशे वर्षे ग्रहांचे गणित अचूक सोडविणारा नियम येथे अडला.

१९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करीत असताना आइन्स्टाइनला उमगले, की उंचावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही. याच धाग्यावरून नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतावाद पूर्णत्वास गेला. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. त्या वक्रतेतील बदल प्रकाशाच्याच वेगाने पसरतात. विशिष्ट सापेक्षतावाद यात बाद झाला नाही. मुक्तपणे पडणाऱ्या लहानशा प्रयोगशाळेत त्याचेच नियम चालतात. मंद गती आणि क्षीण गुरुत्व असेल तेथे न्यूटनचे गणितही पुरेसे ठरते.

याची कसोटी १७ ऑगस्ट २०१७ रोजी लागली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे प्रवास करून पृथ्वीवर आल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण आले.

परंपरा किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरच काही स्वीकारू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. बुद्धांनी भौतिकशास्त्र सांगितले, असा आमचा दावा नाही. मात्र न्यूटनसारख्या थोरालाही प्रश्न विचारणारी वृत्ती याच उपदेशाशी नाते सांगते. आज हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकारास येत आहे. विद्यार्थी मित्रांनो, तेथे प्रश्न विचारणाऱ्यांत आपल्या वसतिगृहातील मुलेमुलीही असावीत, एवढीच आमची मनीषा.