‘पण’ गाळला आणि पाणी पळालं!

‘अगं, तू जर्नलिस्ट ना? मग हे वाच आणि मला एका पानात सांग!’ असं म्हणत माझ्या मित्रानं फ्लॅटचं बहात्तर पानी अ‍ॅग्रीमेंट माझ्यापुढं टाकलं. भूगावातला टू बीएचके. खिडकीतून डोंगर, कोथरूडच्या मानानं खिशाला परवडणारा रेट आणि २०२३ मध्ये चांदणी चौकाचा नवा पूल झाल्यामुळं ‘आता काय, दहा मिनिटांत पुण्यात’ हा आत्मविश्वास. गडी जाम खूश होता. शनिवारी सही करायची होती.

मीही भाव खात हायलायटर घेऊन बसले आणि दोन तासांत एक चकाचक पान त्याला मेल केलं. कार्पेट एरिया, हप्ते, पझेशनची तारीख, पार्किंग. शेवटी एक ओळ : ‘पाणी – चोवीस तास’.

मूळ परिच्छेदात तसं लिहिलेलं होतंच. पण त्याच्या पुढचं वाक्य होतं, की सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत पाणी टँकरनं येईल आणि टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी करायचा. मी पहिलं वाक्य उचललं, दुसरं गाळलं. तेवढीच जागा वाचली!

पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या मेन्टेनन्सचं बिल दुप्पट झालं. ईएमआय, पेट्रोल, गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे... सगळं गणित कोलमडलं. दोन महिने गावी पैसे गेले नाहीत. तो मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त माझं ते पान परत पाठवलं, ‘पाणी’ या शब्दाभोवती लाल गोल काढून.

शाळेतला फंडा

शाळेत आपण सगळेच सारांशलेखन शिकलो. उतारा वाचा, एक तृतीयांश करा, शीर्षक द्या. मग आपण काय करायचो? विशेषणं उडवायची, उदाहरणं उडवायची आणि बोटांवर शब्द मोजायचे. मार्क मिळायचे. पण हा सारांश कुणाला हवाय, तो वाचून ती व्यक्ती काय ठरवणार आहे, हे कुणी विचारलंच नाही. खरी गोम तिथंच आहे.

भूगावचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा इथं भरली होती. एका ओळीत सांगायचं तर ‘अभिजित कटके जिंकला’. चूक काहीच नाही. आता हे वाचा : ‘आदल्या वर्षी फायनलला हरलेला अभिजित कटके या वेळी किरण भगतला हरवून महाराष्ट्र केसरी झाला’. ओळ एकच, पण पूर्ण वर्षाची जिद्द तिच्यात आली. कुस्तीप्रेमीला हीच ओळ हवी. पौड रस्त्यानं रोज ऑफिसला जाणाऱ्याला मात्र स्पर्धेमुळं ट्रॅफिक कसं असेल, एवढंच हवं असतं. म्हणजे घटना तीच, पण विचारणारा बदलला की सारांशही बदलतो.

विनोबांकडून शिका

सारांशाचा मराठीतला ‘मास्टर’ कोण, असं विचारलं तर मी विनोबा भावे यांचं नाव घेईन. त्यांनी कुराण, ख्रिस्ती धर्मग्रंथ, भागवत अशा ग्रंथांची ‘सार’ काढली. कुराण मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले! आधी पूर्ण ग्रंथ पचवायचा, मग त्यातली वचनं निवडून विषयानुसार लावायची. आणि आपण? शेवटचं पान न वाचताच हायलायटर उघडतो.

आता तर एआयला पीडीएफ दिली की काही सेकंदांत सारांश हजर. वापरा, अवश्य वापरा. पण तुम्ही दरमहा गावी पैसे पाठवता, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? शिवाय त्यानंही माझ्यासारखंच दुसरं वाक्य गाळलं असेल तर? म्हणून मूळ कागदाशी ताडून पाहण्याचं काम आपलंच.

हे करून पाहा

● आधी प्रश्न लिहा. ‘हे वाचून मला काय ठरवायचंय?’ तो कागदाच्या डोक्यावर राहू द्या.

● पहिल्या वाचनात पेन दूर ठेवा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी तुमच्या शब्दांत एकच ओळ लिहा. लिहिता आली नाही, तर तो परिच्छेद कळलेला नाही.

● ‘पण’, ‘जर’, ‘होईपर्यंत’, ‘वगळून’, ‘किमान’ या शब्दांना गोल करा. विशेषण गाळलं तर चालतं, अट गाळली की अर्थच उलटतो.

● मूळ कागद झाका आणि आठवून लिहा. नंतर आकडे, तारखा, अटी ताडून पाहा.

● प्रत्येक मुद्द्यापुढं पान नंबर टाका. ऑगस्ट १९४० मध्ये, ऐन युद्धात, चर्चिलनी आपल्या माणसांना रिपोर्ट छोटे करायला सांगितलं, तेव्हा गुंतागुंतीचा तपशील फेकून न देता परिशिष्टात ठेवायला सांगितलं होतं.

● शेवटी, मूळ न वाचलेल्या कुणाला तरी तुमचा सारांश द्या आणि ‘आता तू काय करशील?’ असं विचारा. त्याचं उत्तर मूळ कागदाशी जुळलं, तर तुम्ही पास!

गेल्या महिन्यात मित्राचा पुन्हा मेल आला. सोबत आईसाठी घ्यायची हेल्थ पॉलिसी. वर एकच ओळ : ‘एका पानात सांग. पण ‘पण’सकट!’

या वेळी मला चार दिवस लागले. माझ्या पानाची पहिली ओळ होती : ‘काकूंचं बीपी आधीपासूनचं आहे, त्यामुळे त्याच्याशी संबंधित आजारांना पहिली तीन वर्षं कव्हर नाही. पान १९.’

त्यानं ते पान उघडून स्वतः वाचलं, आणि मगच फोन केला.