दिवसाला किती?

डॉक्टरांचा हा प्रश्न जुनाच आहे. ‘दिवसाला किती?’ बिडीवाला सांगतो, एक बंडल. सिगारेटवाला दोन-चार कमी करून सांगेल, पण आकडा सांगतो. तंबाखू मळणारा म्हणतो, एक पुडी दोन दिवस जाते. गेल्या महिन्यात भाच्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. वय २३, पुण्यात पहिलीच नोकरी, अधूनमधून छातीत धडधड आणि मनगटावरच्या घड्याळात बसल्या जागी नाडी १०८. डॉक्टरांनी त्यालाही हेच विचारलं. तो गप्प. लपवत होता असं नाही, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. ‘वेप आहे. मोजून नाही मारत. हातातच असतो ना दिवसभर,’ तो म्हणाला.

ईसीजीमध्ये वाढलेल्या ठोक्यांपलीकडे काही निघालं नाही. गाडीत बसल्यावर त्याने तो वेप, म्हणजे ई-सिगारेट, खिशातून काढून माझ्या हातात ठेवला. काडेपेटीहून थोडा मोठा, गुळगुळीत, फिकट केशरी. नाकाशी नेला तर आंब्याचा वास. म्हणजे आंब्याचा नव्हे, आंब्याच्या गोळीचा. तळाला चष्मा लावूनही धड न दिसणाऱ्या अक्षरांत छापलेलं: १२ मिलिलिटर, ५ टक्के निकोटीन.

शाळेतलं गणित आहे. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम. गुणिले १२ केलं की ६०० मिलिग्रॅम. एका सिगारेटच्या तंबाखूत दहा-बारा मिलिग्रॅम निकोटीन असतं, पण त्यातलं बरंचसं जळतं, हवेत जातं, थोटकात राहतं. ओढणाऱ्याच्या रक्तात एक ते दीड मिलिग्रॅम उतरतं. अमेरिकेत २०१५मध्ये ‘जूल’ नावाचा वेप आला, तेव्हा त्याच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या कुपीत, सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटीन होतं आणि कंपनी स्वतःच त्याची तुलना वीसच्या पाकिटाशी करत असे. त्या हिशेबाने माझ्या तळहातावर पंधरा पाकिटं होती.

‘किती दिवस पुरतो?’

‘दहा-बारा दिवस.’

म्हणजे रोजच्या पंचवीस-तीस सिगारेटी. हा हिशेब ढोबळ आहे. सगळी वाफ अंगी लागत नाही आणि चोरट्या मालावरच्या लेबलाचा भरवसा काय धरायचा? पण आकडा निम्मा केला तरी तो लहान नाही. आणि या मुलाने जन्मात सिगारेट ओढलेली नाही. त्याला तो वासच सहन होत नाही.

सिगारेट वाईट, पण ती संपते. पेटवावी लागते, बाहेर जावं लागतं, पाच-सात मिनिटांत बोटांना चटका बसतो. चंचीतली तंबाखूसुद्धा मळावी लागते. प्रत्येक वेळी शरीराला आणि मनाला कळतं की एक झाली. वेपला ना आरंभ ना शेवट. मीटिंगमध्ये टेबलाखाली एक झुरका, जिन्यात दोन, रात्री मोबाइल बघताना किती ते देवाला ठाऊक. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. त्याआधी पुढचा झुरका आला की आधीच्या शिलकीत भर पडत जाते.

पण एवढं निकोटीन घशाला झोंबत कसं नाही? याचं उत्तर माझ्या आजोबांच्या चंचीत आहे. ते तळहातावर तंबाखू घ्यायचे, अंगठ्याच्या नखावर चुना, मग मळायचे, दोन थापट्या मारून भुकटी उडवायचे आणि चिमूट ओठाआड. चुना कशाला, असं विचारलं की म्हणायचे, ‘त्याशिवाय लागत नाही.’ त्यांचं रसायनशास्त्र पक्कं होतं. चुना अल्कधर्मी. तो मिसळला की निकोटीन ‘मोकळं’ होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झरझर रक्तात जातं. हेच मोकळं निकोटीन वाफेतून ओढलं तर घसा सोलवटून निघतो. सुरुवातीची ई-सिगारेट, म्हणजे २००३मध्ये होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने बनवलेली आणि तिच्यानंतर काही वर्षं आलेली, म्हणूनच फारशी ‘लागत’ नसे. फार कडक केली की ठसका.

नव्या वेपने चुन्याच्या उलट केलं. त्यात बेन्झॉइक आम्लासारखं सौम्य आम्ल घालून निकोटीनचा क्षार बनवला. क्षार घशाला बोचत नाही; मात्र फुप्फुसात पोचला की तिथल्या प्रचंड पृष्ठभागावरून निकोटीन भराभर शोषलं जातं. ठसका हा शरीराचा पहारेकरी होता. त्याला आंब्याची गोळी देऊन झोपवलं.

आता हृदयाकडे. फुप्फुसातून निघालेलं रक्त आधी हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, तिथून महाधमनीत. महाधमनीला फुटणाऱ्या पहिल्याच दोन फांद्या म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या. म्हणजे झुरक्याचा पहिला घास मेंदूच्याही आधी हृदय खातं. मेंदूत ते पोचतं दहा-वीस सेकंदांत, आणि तीच ती ‘किक’.

निकोटीन शरीराला खोटी वर्दी देतं: वाघ आला, पळा. मज्जातंतू आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं सोडतात. नाडी मिनिटाला दहा-पंधराने वाढते, रक्तदाब पाच-दहा अंकांनी चढतो, हृदय जास्त जोराने आकसतं, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त हवा. नेमक्या त्याच वेळी त्याच्या धमन्या अरुंद होतात. काम वाढलं आणि शिधा कमी झाला. निरोगी तरुणाचं हृदय हे निभावून नेतं. पण ज्याच्या धमनीत आधीच चरबीचा थर आहे किंवा ज्याच्या ठोक्यांच्या तालात जन्मजात खोट आहे, त्याला हा खेळ महागात पडू शकतो. आपल्याकडे थर जमायला उशीर लागत नाही: ‘इंटरहार्ट’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांचा पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी दिसला, इतर देशांत ५९च्या आसपास.

वेपवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती सगळी खोटी नाही. वेपमध्ये जळत काही नाही. त्यामुळे सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाही, डांबर नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीत ११४ जुन्या सिगारेटवाल्यांवर प्रयोग झाला. हाताला पट्टा आवळून काही मिनिटांनी सोडायचा आणि रक्ताच्या लोंढ्याने धमनी किती फुलते, ते सोनोग्राफीत मोजायचं. सिगारेट सोडून वेपवर गेलेल्यांच्या धमन्या एका महिन्यात आधीपेक्षा चांगल्या फुलू लागल्या. हा निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, वेपने हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं सांगणारा एक अमेरिकन शोधनिबंध जगभर गाजला. पण त्यातल्या बऱ्याच जणांना झटका वेप हाती धरण्याआधीच येऊन गेलेला असू शकतो, हे लक्षात आलं आणि २०२०च्या फेब्रुवारीत नियतकालिकाने तो मागे घेतला. व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतोच आहे.

मग ‘सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक’ हे इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेचं वाक्य खरं मानायचं का? तो आकडा कुणी मोजलेला नाही, तज्ज्ञांच्या अंदाजातून आलेला आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुलना कुणाशी? वीस सिगारेटी ओढणारा पन्नाशीचा माणूस वेपवर गेला तर तो काही पायऱ्या खाली उतरला. माझा भाचा शून्यावरून वर चढला. दोघांना एकच वाक्य ऐकवणं हा चावटपणा आहे, आणि या धंद्याचा सगळा डोलारा त्या चावटपणावर उभा आहे. शिवाय जळत नाही म्हणजे निव्वळ पाण्याची वाफ, असंही नव्हे. वेपच्या द्रवातल्या तापलेल्या ग्लायकॉलमधून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे पदार्थ निघतात, अतिसूक्ष्म कण निघतात, आणि धमन्यांच्या अस्तराला दोन्ही मानवत नाहीत. तीस-चाळीस वर्षं फक्त वेपच ओढलेला माणूस अजून जगात नाही. तो प्रयोग आपली मुलं स्वतःवर करताहेत.

कायदा आहे, चांगला कडक आहे. २०१९च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी घातली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. बंदी असूनही भाच्याला माल कुठून मिळतो? ‘मेसेज टाकला की आणून देतात,’ तो पिझ्झाबद्दल बोलावं तसं बोलला. बंदी आहे म्हणून आत काय भरलंय यावर कुणाचं नियंत्रण नाही, आणि बंदीची अंमलबजावणी नाही म्हणून विकणाऱ्याला भीतीही नाही. युरोपात निदान मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. भाच्याच्या हातातला माल त्याच्या अडीचपट कडक होता.

डॉक्टरांनी त्याला औषध दिलं नाही. एक वही करायला सांगितली: सकाळी उठल्यावर, पहिल्या झुरक्याआधी, एक मिनिट नाडी मोजायची. मग झुरक्यानंतर पाच मिनिटांनी. आठवडाभर. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ७६ आणि ९४. सोबत वेपचा फोटो, कचऱ्याच्या डब्यात. दोन दिवसांनी तो दुसरा मागवेल, हे मला माहीत होतं आणि त्याने मागवलाही. तंबाखूच्या व्यसनात एका फटक्यात सुटणारे थोडे असतात. आता तो निकोटीनच्या गोळ्या चघळतोय, दोन मिलिग्रॅमच्या. त्या मोजून घेता येतात, हेच त्यांचं औषधीपण. कुणाच्या घरी असाच आंब्याचा वास येत असेल, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पैसे लागत नाहीत.